अंगणात पाखरानं घरटं केलंय: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

साताऱ्यात आमच्या घराला पुढं अंगण आणि मागं परस, सगळं मिळून जेमतेम दीड गुंठा. त्यात एक शेवगा, एक पेरू, कढीपत्ता, जास्वंदी, दारावर चढवलेली मधुमालती आणि कडेनं मेंदीचं कुंपण. एवढ्याशा जागेत गेल्या पंधरा-सोळा वर्षांत नऊ जातींच्या पाखरांनी घरटी केली. वही घालून त्यांच्या तारखा लिहायची सवय लागली आणि ते ओळखीपाळखीत पसरलं. तेव्हापासून फेब्रुवारी उजाडला की फोन सुरू होतात. विचारणारे घाईत असतात, काळजीत असतात, आणि प्रश्न बहुतेक तेच असतात. त्यांची उत्तरं इथं एकत्र लिहिली आहेत.

वेलीत घरटं दिसलं. सगळ्यात आधी काय करायचं?

मागं फिरायचं. घरटं दिसलं, एक नजर टाकली, आता तिथून हला. फांदी वाकवून आत डोकावणं, पोराला कडेवर घेऊन दाखवणं, मोबाइल आत घालणं, यातलं काहीही करू नका.

दोन वेळा फार नाजूक असतात. पहिली, घरटं बांधणं चालू असतानाची. तेव्हा पाखराचं अजून काही गुंतलेलं नसतं. जरा संशय आला की अर्धं काम टाकून ते दुसरी जागा धरतं. अंडी घातल्यावर ते सहसा इतक्या सहज सोडून जात नाही आणि पिल्लं निघाल्यावर तर आणखीच चिवट होतं. दुसरी नाजूक वेळ अगदी शेवटची. पिल्लांना पिसं आलेली असतात, उडायला दोन-तीन दिवस उरलेले असतात. त्या वेळी हात जवळ गेला तर पिल्लं घाबरून भराभर बाहेर उड्या टाकतात आणि पंखात बळ नसताना जमिनीवर येतात. पुन्हा आत ठेवली तरी बसत नाहीत.

म्हणून घरट्यापासून बारा-पंधरा फुटांवरची एखादी खिडकी नक्की करा आणि तिथूनच बघा. तुमची रोजची ये-जा मात्र थांबवायची गरज नाही. पाखरानं ती पाहूनच जागा निवडलेली आहे. दार उघडलं, चप्पल घातली, गेलात, याचं त्याला काही वाटत नाही. तुम्ही थांबता आणि टक लावून बघता, ते त्याला खटकतं.

हे घरटं कुणाचं, कसं ओळखायचं?

पाखरू दिसेपर्यंत धीर असेल तर ओळख आपोआप पटते. तोवर घरट्याची जागा आणि घडण बघा.

माणसाच्या छातीएवढ्या ते डोक्याएवढ्या उंचीवर, कुंडीत, वेलीत किंवा पोर्चमधल्या दिव्यावर सुबक वाटी असेल तर ती बहुधा बुलबुलाची. काटक्या, बारीक मुळं, कोळ्याचं जाळं, आणि हल्ली प्लास्टिकच्या पिशवीची एखादी चिंधी. अंडी दोन किंवा तीन, फिकट गुलाबी, त्यांवर तांबडे शिंतोडे आणि बोथट टोकाला ते दाट. शेपटीखाली लाल असलेला, डोकं काळं तो लालबुड्या. डोक्यावर ताठ तुरा आणि गाल लाल-पांढरे तो शिपाई बुलबुल.

कपडे वाळत घालायच्या तारेला किंवा लोंबत्या वायरीला कचरा अडकल्यासारखं काही दिसलं तर झाडू उचलायच्या आधी नीट बघा. वाळकी पानं, सालीचे तुकडे, अळ्यांची लेंडकं कोळिष्टकांनी गुंफलेली असतील, बाजूला भोक आणि भोकावर छोटासा छज्जा असेल, तर तो शिंजीर आहे. याला काहीजण सूर्यपक्षी म्हणतात. बांधकाम सगळं मादीचं. नर चकचकीत जांभळा, आजूबाजूला भिरभिरत ओरडतो, पण काडी उचलत नाही. पिल्लं झाली की चारायला मात्र येतो.

काटक्यांची इतकी विरळ चटई की खालून अंडी दिसावीत, ती होल्याची. लोकांना वाटतं घरटं अर्धवट टाकून दिलंय. ते पूर्ण झालेलं असतं. पावसाळ्यात झुडपात गवताचा मोठा गोळा दिसला तर मुनिया. भिंतीच्या भोकात, मीटरच्या पेटीमागं, पत्र्याच्या वळचणीला चिमणी, साळुंकी नाहीतर दयाळ. शेवग्याच्या वाळक्या फांदीला खालच्या अंगानं रुपयाएवढं गोल भोक पाडलेलं असेल तर तांबट.

शिंप्याचं घरटं मात्र शोधून सापडत नाही. एका जूनमध्ये आमच्या जास्वंदीवर शिंपीण काम करताना मला स्वयंपाकघराच्या खिडकीतून दिसली. आधी तिनं चोचीनं पानाच्या कडेला भोकं पाडली. मग कोळ्याचं जाळं आणि कापसाचे तंतू आणून एकेक तंतू भोकातून ओवला. ओढला की तंतूचं टोक बाहेरच्या बाजूला पिंजून फुगतं आणि तिथंच अडकून बसतं. गाठ मारावी लागत नाही. दोन पानं जोडली गेली तेव्हा पानांची हिरवीगार वरची बाजू बाहेर होती, फिकी बाजू आत. त्यामुळे दोन हातांवरून बघितलं तरी झाड जसंच्या तसं. मी रोज त्याच जास्वंदीची फुलं देवाला तोडत होते आणि चार दिवस मला पत्ता नव्हता.

अंडी किती दिवसांत फुटतात? पिल्लं कधी उडतात?

वहीतलं एक पान जसंच्या तसं देते. लालबुड्या बुलबुल, मधुमालती. 14 मार्चला पहिलं अंडं, 15 ला दुसरं, 16 ला तिसरं. 16 पासून मादी नीट बसू लागली. 29 ला सकाळी दोन पिल्लं, दुपारी तिसरं. पाचव्या दिवशी डोळ्यांना चिरा, सातव्या दिवशी पंखांवर पिसांच्या निळसर नळ्या. 10 एप्रिलला सकाळी सात ते नऊच्या दरम्यान तिन्ही बाहेर.

म्हणजे बसल्यापासून उडेपर्यंत पंचवीस दिवस. लहान पाखरांचा हिशोब साधारण असाच. शिंप्याची अंडी बाराएक दिवसांत फुटतात आणि पिल्लं दोन आठवड्यांत निघतात. चिमणीचं थोडंफार तसंच. शिंजिराला दोन्हीकडे थोडे जास्त दिवस लागतात. होल्याचे दोन आठवडे अंड्याला, दोन पिल्लाला. टिटवी वेगळी. ती जवळपास महिनाभर अंडी उबवते, पण तिची पिल्लं निघाल्या दिवशी चालायला लागतात.

हे सांगायचं कारण असं, की लोक विचारतात, "किती दिवस कुंडी हलवायची नाही?" महिना. एवढीच अडचण सोसायची असते.

अंडी आहेत, पण मादी दिसत नाही. सोडून गेली का?

बहुधा नाही. शेवटचं अंडं पडेपर्यंत बऱ्याच जाती पूर्ण वेळ बसत नाहीत, त्यामुळे पहिले दोन दिवस घरटं ओसाड वाटतं. पुढंही ती खायला उठते. दुपारच्या उन्हात अंड्यांना ऊब नको असते, सावली हवी असते, तेव्हा ती पंख सैल सोडून घरट्यावर नुसती उभी राहते किंवा जवळच्या फांदीवर असते. तुम्ही खिडकीत आलात म्हणूनही ती उडाली असेल. पडद्याआड तासभर थांबा. सलग दोन-तीन दिवस, सकाळ-संध्याकाळ कुणीच फिरकलं नाही तरच घरटं सोडलं असं समजा. आणि सोडलं असलं तरी ती अंडी बल्बखाली ठेवून उबवायचा खटाटोप करू नका. पिल्लू निघालंच तर त्याला वाढवणं आपल्या हातचं नाही.

पिल्लाला माणसाचा हात लागला तर आई त्याला टाकते, हे खरं ना?

खोटं. कावळ्यापासून चिमणीपर्यंत सगळ्यांबद्दल हे सांगितलं जातं आणि त्यापायी वाचू शकणारी पिल्लं मरतात. उघडंबोडकं पिल्लू खाली पडलं आणि घरटं हाताशी असेल तर त्याला हळूच उचलून आत ठेवा आणि लांब व्हा. आई येते, चारते. ती दूर राहते ती तुम्ही तिथं उभे असता म्हणून.

पिल्लू खाली पडलंय. आता?

हा फोन एप्रिल-मे महिन्यात दिवसाआड येतो. मी पहिलं विचारते: अंगावर पिसं आहेत का?

पिसं नाहीत, डोळे मिटलेले, कातडी गुलाबी. हे घरट्यातलं बाळ आहे. घरटं सापडलं तर परत ठेवा. वळिवानं घरटंच खाली आलं असेल तर नारळाची करवंटी किंवा लहान टोपली घ्या, तळाला भोकं पाडा, आत ते मोडकं घरटं किंवा सुकं गवत घाला आणि मूळ जागेच्या शक्य तितकं जवळ, सावलीत, सुतळीनं घट्ट बांधा. बुलबुल आणि होला अशा बदली घरट्यात येऊन चारताना मी पाहिले आहेत. तास-दीड तास लांबून लक्ष ठेवा.

पिसं आहेत, शेपूट आखूड, टुणटुण उड्या मारतंय, ओरडतंय. हे पडलेलं नाही, निघालेलं आहे. बुलबुल, साळुंकी, दयाळ यांची पिल्लं घरटं सोडतात तेव्हा त्यांना धड उडता येत नाही. पुढचे काही दिवस ती झुडपांत, जमिनीलगत राहतात आणि आईबाप तिथं येऊन चारतात. अशी चांगली धडधाकट पिल्लं लोक कळवळ्यानं उचलून घरी आणतात आणि ती आईला मुकतात. त्याला फक्त रस्त्यावरून बाजूला घ्या, दाट झुडपातल्या फांदीवर बसवा आणि मांजर, कुत्रं, पोरं यांना लांब ठेवा.

पंख लोंबतोय, रक्त आहे, मांजरानं धरलं होतं, मांजा गुंडाळलाय. हे जखमी. पुठ्ठ्याच्या खोक्याला चार भोकं पाडा, तळाला जुनं सुती कापड घाला, पिल्लू आत ठेवून झाकण लावा आणि शांत, अंधाऱ्या जागी ठेवा. वनविभागाच्या 1926 या टोल फ्री क्रमांकावर फोन करा किंवा पक्ष्यांवर उपचार करणाऱ्या डॉक्टरांकडे न्या. मांजराच्या तोंडातून सुटलेलं पाखरू वरून बरं दिसलं तरी न्यायचंच. मांजराच्या लाळेतल्या जंतूंनी बारीकशी जखमही चिघळते आणि एक-दोन दिवसांत ते जातं. मांजा गुंडाळलेला असेल तर ओढू नका, कात्रीनं थोडा थोडा कापा.

पाकोळीचं वेगळं आहे. लांब कोयत्यासारखे पंख आणि अगदी तोकडे पाय. ती जमिनीवर आली की तिला पुन्हा उडणं जड जातं. जखम नसेल तर तळहातावर ठेवून मोकळ्या जागी हात उंच धरा. फेकू नका. तिला वाटलं की ती स्वतः निघते.

त्याला खायला काय घालू? थोडं पाणी पाजू का?

चोचीत पाणी घालू नका. हे ठळक अक्षरात लिहावंसं वाटतं. पाखराच्या जिभेच्या मुळाशीच श्वासनलिकेचं तोंड असतं. ड्रॉपरनं सोडलेलं पाणी तिथून फुफ्फुसात जातं आणि पिल्लू तुमच्या हातात गुदमरतं. घरट्यातल्या पिल्लांना पाणी खाण्यातूनच मिळतं.

दूध-पाव, भिजवलेली पोळी, भात, बिस्किट, काही नको. दूध त्यांना पचत नाही. एक घास चिऊचा म्हणत आपण वाढलो, पण चिमणीसुद्धा पिल्लाला दाणे नाही, अळ्या आणि किडे चारते. होल्याची आणि पारव्याची तऱ्हा आणखी निराळी. त्यांच्या गळ्याच्या पोतडीत दह्यासारखा स्राव तयार होतो, नरमादी दोघांच्याही, आणि पिल्लू त्यांच्या चोचीत चोच घालून तो पितं. किडे खाणाऱ्यांची पिल्लं उजाडल्यापासून मावळेपर्यंत दर पंधरा-वीस मिनिटांनी चोच उघडतात. आपल्याला ते जमत नाही, त्यांच्या आईला जमतं. म्हणून आधी आई शोधा, नाही सापडली तर जाणकार माणूस. मधल्या काळात अंधार, ऊब आणि शांतता द्या.

मांजराचं काय करू?

मांजर पाळलेलं असेल तर पिल्लं निघायच्या सुमाराचा आठवडाभर त्याला घरात ठेवा. गळ्यात घंटा बांधून मोठ्या पाखराला इशारा मिळतो, पण उडता न येणाऱ्या पिल्लाला घंटा ऐकून काय करता येणार?

भटक्या मांजरांसाठी झाडाच्या बुंध्याला जमिनीपासून चार-पाच फुटांवर दोन फूट रुंदीचा गुळगुळीत पत्रा गुंडाळायचा. नखं रुतत नाहीत, मांजर घसरतं. आमच्या पेरूला तो दर फेब्रुवारीत लागतो आणि पावसाळा सरला की निघतो. वेलीच्या बुडाशी बोगनवेलीच्या काटेरी फांद्या पसरल्या तरी बराच फरक पडतो.

आणि कान उघडे ठेवा. बुलबुल एरवी गोड बोलतो. मांजर किंवा साप दिसला की तोच बुलबुल एका जागी न बसता शेपूट पसरून, कर्कश, तुटक ओरडायला लागतो. मिनिटभरात शिंपी, शिंजीर, सातभाई, खार, सगळे तिथं जमून एकच कालवा करतात. हा आवाज ओळखीचा झाला की हातातलं काम टाकून तुम्ही दारात येता.

कावळे आणि भारद्वाज अंडी खातात. हाकलू का?

तुमच्यासमोर आला तर टाळी वाजवाल, ते मी समजू शकते. पण काठी घेऊन पहारा करू नका. कावळ्यालाही घरट्यात पिल्लं आहेत. भारद्वाज दिसला की शुभ म्हणून आपण हात जोडतो, तो कुंपणातून चालत चालत इतरांची अंडी-पिल्लं उचलतो, हेच त्याचं पोट. धामण चढली तर तिलाही मारायचं नाही.

आपण करण्यासारखं एक आहे. घरट्याच्या दिवसांत अंगणात खरकटं टाकू नका. शिळ्या भाताला जमलेले कावळे भात संपल्यावर इकडंतिकडं बघतात आणि मग त्यांना घरटं दिसतं.

कावळीण रोज डोक्यावर टोच मारतेय. काही अपशकुन?

काही नाही. जवळपास तिचं घरटं आहे किंवा पिल्लू नुकतंच बाहेर पडलंय. आठ-पंधरा दिवसांत थांबतं. तोवर छत्री घ्या. घरटं पाडायला माणूस बोलावू नका.

कावळ्याच्या घरट्यात कोकिळेचं पिल्लू आहे. बाहेर काढू का?

नको. कोकिळा कावळ्याच्या घरट्यात अंडं घालते, पावशा सातभाईच्या. हजारो वर्षांचा हा त्यांचा व्यवहार आहे. सातभाई आपल्याहून मोठ्या झालेल्या पावशाच्या पिल्लाला चारताना दिसले की बघणाऱ्याचा जीव कळवळतो, माझाही कळवळला होता. पण त्यात हात घालायचा अधिकार आपल्याला नाही.

गच्चीवर टिटवीनं अंडी घातलीत. काय करावं?

हल्ली हे वाढलंय, कारण माळ संपले आणि वाळू-खडी पसरलेली सपाट गच्ची तिला माळासारखीच दिसते. चार अंडी, मातकट रंगावर काळे डाग, टोकं आतल्या बाजूला. ती हलवू नका, खाली टोपली-गादी घालू नका. गच्चीवर जाणं महिनाभर कमी करा. गेलात तर ती डोक्यावरून झेपावेल आणि शेजारीपाजारी सगळ्यांना ऐकू जाईल एवढं ओरडेल. मे महिन्याच्या उन्हात पसरट थाळीत पाणी ठेवलंत तर उपकार होतील. टिटवी पोटाची पिसं भिजवून येते आणि अंड्यांवर बसून त्यांना गार करते.

अडचण नंतर येते. पिल्लं निघाली की त्यांना लगेच खाली जायचं असतं आणि कठडा आडवा येतो. तेव्हा 1926 वर विचारून, आईबापांच्या डोळ्यांदेखत पिल्लं अलगद खाली जवळच्या मोकळ्या जागेत नेऊन सोडतात. मोठ्या पाखरांना ती दिसली पाहिजेत, हे महत्त्वाचं.

टिटवीनं उंचावर अंडी घातली की पाऊस जास्त, असं जुनी माणसं म्हणतात. गच्चीवरच्या अंड्यांवरून तरी तसा अंदाज बांधू नका.

झाड छाटायचंय, घराला रंग द्यायचाय. घरटं बाजूला ठेवलं तर चालेल?

चालत नाही. पाखरू घरटं ओळखतं त्यापेक्षा जागा ओळखतं. चार फूट सरकलेलं घरटं त्याच्या लेखी दुसऱ्याचं.

कायद्याचंही बघा. वन्यजीव (संरक्षण) अधिनियम, 1972 मध्ये शिकारीची जी व्याख्या आहे, तिच्यात रानपाखरांची अंडी फोडणं आणि अंड्यांना किंवा घरट्यांना उपद्रव देणं येतं. शहरात झाड तोडायला महाराष्ट्र (नागरी क्षेत्रे) झाडांचे संरक्षण व जतन अधिनियम, 1975 खाली परवानगी लागते. छाटणीच्या आधीही नगरपालिकेत विचारून घ्या.

पण माझं खरं म्हणणं छाटणीच्या महिन्याबद्दल आहे. आपल्याकडं पावसाळ्यापूर्वीची छाटणी म्हणून एप्रिल-मेमध्ये करवती चालतात. वादळात फांद्या पडू नयेत हा हेतू रास्त आहे. मात्र नेमके तेच महिने घरट्यांचे. एक वर्षी आमच्या गल्लीच्या टोकाला मे महिन्यात एक मोठं झाड छाटलं, आणि संध्याकाळी त्या ढिगातून आम्ही दोन शेजारणींनी होल्याची आणि साळुंकीची पिल्लं वेचली. एकही जगलं नाही. हीच छाटणी डिसेंबर-जानेवारीत केली तर फांद्याही उतरतात आणि घरटी जवळजवळ नसतात. सोसायटीच्या बैठकीत हा एक ठराव करून घ्या. तारीख बदलायला पैसे लागत नाहीत. मुनिया, शिंजीर अशी काही पाखरं त्या दिवसांतही असू शकतात, म्हणून करवत लावायच्या आधी झाडाभोवती एक फेरी मारा.

शेवग्याची वाळकी फांदी कुणाच्या डोक्यावर पडण्याजोगी नसेल तर राहू द्या. तांबटाला जिवंत लाकूड कोरता येत नाही.

लाकडी घरटं लावायचंय. कसं असावं?

चिमणीसाठी भोक 32 मिलिमीटर. याहून मोठं झालं की साळुंकी आत शिरते. तळ पाच इंच बाय पाच इंच, तळाला चार बारीक भोकं, झाकण पुढं आलेलं. भोकाखाली बसायला दांडी लावू नका, चिमणीला ती लागत नाही, कावळ्याला मात्र उपयोगी पडते. आतून रंग नको. पत्र्याचं आणि प्लास्टिकचं घरटं एप्रिलमध्ये तव्यासारखं तापतं. लाकूड किंवा मडकं बरं.

आठ-दहा फूट उंचीवर, मांजराला पोचता येणार नाही अशा भिंतीवर, तोंड पूर्वेला किंवा उत्तरेला. आपल्याकडं पाऊस आणि दुपारचं ऊन दोन्ही पश्चिमेकडून येतं. दयाळासाठी भोक थोडं मोठं ठेवून ही पेटी परसात लावा. मार्चमध्ये पहाटे अँटेनावर बसून तो जे गातो, ते ऐकायला मी गजर लावून उठते.

लावल्या लावल्या कुणी येत नाही. आमच्या पहिल्या पेटीत चिमणी यायला एक अख्खं वर्ष गेलं.

दाणे ठेवू का?

पाणी ठेवा, दाण्यांचं थोडक्यात. मातीचं पसरट भांडं, पाणी दोन इंचांपेक्षा खोल नको, मध्ये एक दगड. भांडं अशा जागी की चारी बाजूंनी पाच-सहा फूट मोकळं असेल, म्हणजे मांजराला दबा धरता येणार नाही. पाणी रोज बदला आणि भांडं काथ्यानं घासा. नुसतं भरत राहिलात तर आठवड्यात त्यात डेंग्यूचे डास तयार होतात.

दाणे घालायचेच तर मूठभर बाजरी, कांग. पोतंभर धान्य ओतलं की पारवे जमतात, चिमण्यांना हुसकतात आणि वळचणीच्या जागा बळकावतात. पारव्यांच्या वाळक्या विष्ठेच्या धुळीनं फुफ्फुसांचे आजार होतात, हे घरात दम्याचा माणूस असेल तर लक्षात ठेवाच.

मग पाखरांसाठी सगळ्यात उपयोगाचं काय?

फवारणी बंद करणं. किडा नाही तर पिल्लाला चारा नाही. कढीपत्त्यावरच्या अळ्या बघून शेजारच्या वहिनी औषध आणायला निघाल्या होत्या. त्यांना म्हटलं, आठवडाभर थांबा. शिंप्याच्या जोडीनं झाड साफ केलं. उंदरांचं विष आणि चिकट पट्ट्याही टाळा. विष खाल्लेला उंदीर पिंगळ्याच्या, म्हणजे छोट्या घुबडाच्या, पिल्लाच्या पोटात जातो.

कोळिष्टकं सगळी झाडू नका, घराबाहेरची थोडी राहू द्या. शिंजीर आणि शिंप्याचा तो दोरा आहे. झाडांत जास्वंद, अडुळसा, कढीपत्ता, कुंती, करवंद, जागा असेल तर उंबर. एका कोपऱ्यात पालापाचोळा पडून राहू द्या.

पिंगळा घराच्या भिंतीत राहतोय. घरातले म्हणतात अशुभ आहे.

माझ्या आजेसासूबाईही म्हणायच्या. आमच्या मागच्या भिंतीत पिंगळ्याची जोडी चार वर्षं होती. त्या चार वर्षांत घरात एक लग्न झालं, एक बारसं झालं आणि कोठीत उंदीर राहिला नाही. भोक बुजवू नका, एवढी विनंती.

पाखरू आरशावर, खिडकीवर चोची मारतंय.

स्वतःच्या प्रतिबिंबाला तो दुसरा नर समजतो आणि हद्दीतून घालवू पाहतो. घरट्याच्या दिवसांत शिंजीर, बुलबुल, दयाळ सगळे करतात. थकून जातो बिचारा. काचेवर बाहेरून कागद लावा, गाडीच्या आरशावर जुना मोजा चढवा.

फोटो काढले तर चालतील?

लांबून, फ्लॅशशिवाय, पानाला हात न लावता. यातली शेवटची अट मी एकदा मोडली होती. मधुमालतीतल्या घरट्यावर सावली येत होती म्हणून दोन फांद्या बाजूला घेऊन दोऱ्यानं बांधल्या. अर्धा तास फोटो काढले, दोरा सोडला, फांद्या पूर्वीसारख्या झाल्या असं मला वाटलं. दुसऱ्या दिवशी सकाळी घरटं रिकामं आणि काठावर एक पीस. पानांची जी फट राहिली होती तिथून कावळ्याला आत दिसलं. ते फोटो मी कधी कुणाला दाखवले नाहीत.

काढलेला फोटो पिल्लं उडेपर्यंत कुठंही टाकू नका, आणि जागा तर कधीच लिहू नका. पक्ष्यांच्या नोंदी ठेवणाऱ्या ई-बर्ड या संकेतस्थळावर नोंद करत असाल तर तीही पिल्लं गेल्यावर करा.

पिल्लं उडून गेली. घरटं काढून टाकू का?

लाकडी पेटी असेल तर पिल्लं गेल्यावर आठवडाभरानं आतलं गवत काढा, पेटी कडक उन्हात वाळवा आणि परत लावा, पुढची वीण तिथंच होते. जुन्या गवतात बारीक पिसवा असतात, हातमोजे घाला. खिडकीलगतच्या घरट्यातून त्या घरात येऊन अंगाला खाज सुटते, तेव्हा तेही काढलं तर हरकत नाही. पिल्लं नक्की गेलीत ना, एवढं दोनदा बघा.

वेलीतलं, कुंपणातलं असेल तर राहू द्या. बुलबुल त्याच वाटीत सहसा पुन्हा बसत नाही, पण ती वाया जात नाही. यंदा मेंदीतलं गेल्या सालचं घरटं मी काढायचं राहून गेलं होतं. जानेवारीत शिंजिराची मादी त्याच्या काठावर येऊन बसली, पाय रोवले आणि आतला एक तंतू मान मागं टाकून ओढायला लागली. तिसऱ्या झटक्याला तो सुटला. तो चोचीत धरून ती कपड्यांच्या तारेकडं गेली. त्या तारेवर आता आम्ही कपडे वाळत घालत नाही.